खायचा सोडा, सोनाराचा काटा आणि समुद्राचं पाणी

वणीत माझं कृषी केंद्र आहे. काउंटरवर बियाणं, खतं, फवारणीची औषधं आणि आतल्या खोलीत खाऱ्या पाण्याची काचेची टाकी: दोन निमो मासे, थोडे कोरल. कापसाचं औषध न्यायला आलेलं गिऱ्हाईक आत डोकावतं आणि विचारतं, "एवढ्या मिठात मासे मरत नाही का जी?" मिठानं नाही मरत. मरतात ते अमोनियानं, आणि पाणी कितीही नितळ दिसलं तरी अमोनिया डोळ्यांना दिसत नाही. टेस्ट किट लागतं ते त्यासाठी.

नवशिका हौशी माणूस डझनभर किटं एकदम मागवतो. गरज नसते. नव्या टाकीत आधी तीनच गोष्टी बघायच्या: अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट. विष्ठेतून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया होतो, जीवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि पुढे नायट्रेट. पहिले दोन शून्यावर आल्याशिवाय मासा सोडायचा नाही. अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम ही किटं कडक सांगाड्याचे कोरल ठेवणाऱ्यांनीच घ्यावीत. मात्र क्षार मोजायचा रिफ्रॅक्टोमीटर पहिल्या दिवसापासून हवा. समुद्राचं पाणी म्हणजे साधारण 35 पीपीटी, 25 अंशांना विशिष्ट गुरुत्व 1.026. तो रिफ्रॅक्टोमीटर साध्या पाण्यावर शून्याला लावण्यापेक्षा 35 पीपीटीच्या तयार द्रावणावर लावलेला बरा. आपल्याला मोजायचंय तिथेच तो बरोबर हवा.

स्वस्तात स्वस्त म्हणजे कागदी पट्ट्या. पण पावसाळ्यात डबी चार वेळा उघडली की त्या दमटतात, मग रंगावर भरवसा उरत नाही. थेंबांची किटं परवडतात ती दीर्घ हिशेबात. एपीआयच्या खाऱ्या पाण्याच्या मोठ्या किटवर 550 चाचण्या लिहिलेल्या असतात; किंमत आकड्यानं भागा म्हणजे एक चाचणी कितीला पडते ते कळेल. खताची पिशवीही आपण अशीच तोलतो ना, किलोमागे किती? त्या किटमधल्या नायट्रेटच्या दुसऱ्या बाटलीत रसायन तळाशी बसतं. ती अर्धा मिनिट जोरात हलवायची, थेंब टाकल्यावर नळीही पूर्ण मिनिटभर हलवायची, मग पाच मिनिटं थांबायचं. हे टाळलं की आकडा कमी येतो आणि माणूस खूश होतो. अल्कलिनिटीसाठी मला सॅलिफर्टची सिरिंजवाली पद्धत आवडते: निळसर हिरवा रंग नारिंगी झाला की थांबा आणि सिरिंजवरचा आकडा वाचा. रंगाच्या दोन छटांमध्ये डोळे ताणावे लागत नाहीत.

मे महिन्यात किट मागवू नका. आमच्याकडचं ऊन आणि कुरिअरच्या गाडीतलं बंद खोकं यात रसायनाचं काय होत असेल ते कंपनीलाही सांगता येणार नाही. पार्सल आलं की एक्स्पायरी बघा, बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा.

आता किट खरं बोलतं का, हे कसं ओळखायचं? ज्याचं उत्तर आधीच माहीत आहे असं पाणी त्याला द्यायचं. ओळखीच्या सोनाराच्या काट्यावर 3 ग्रॅम खायचा सोडा मोजून घ्या. बेकिंग पावडर नको, धुण्याचा सोडा तर मुळीच नको. एक लिटर डिस्टिल्ड पाण्यात तो विरघळवा, त्यातलं 100 मिलि घेऊन पुन्हा एक लिटर करा. या पाण्याची अल्कलिनिटी 10 डीकेएच यायला हवी. साडेनऊ-साडेदहा आली तरी मी चालवून घेतो. सात आली तर किट फेकतो.

नायट्रेटसाठी तर आमच्या दुकानातच माल आहे. 13:0:45 ही फवारणीची पुडी म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि तिच्यातला 13 टक्के नत्र सगळा नायट्रेटच्या रूपात असतो. एक ग्रॅम एका लिटरमध्ये, त्यातलं 50 मिलि घेऊन पुन्हा लिटरभर. नायट्रेट 29 पीपीएमच्या आसपास. एपीआयच्या रंगपट्टीवर हा रंग 20 आणि 40 यांच्या मधोमध पडायला हवा. युरिया वापरू नका, त्यात नायट्रेट नसतं. काही किटं नायट्रेट-नायट्रोजन दाखवतात; तो आकडा 4.4 नं गुणायचा, नाहीतर उगाच निर्धास्त राहाल.

टाकीत समुद्री मीठ कालवण्याआधी पाणी आरओचं हवं. मुकुटबनकडे चुनखडी, त्यामुळे या भागात बोअरचं पाणी जड. आरओ नीट चालतोय का ते बघायला टीडीएस मीटर पुरतो. पण एकूण किती विरघळलंय एवढंच तो सांगतो, काय विरघळलंय ते नाही.

हे लोकांना पटवताना घाम फुटतो. टाकी दिसली की कुणीतरी घरच्या बोअरची बाटली आणतं: "याचंही बघून द्या ना जी." पांढरकवडा, झरी-जामणीकडच्या काही स्रोतांत फ्लोराइड जास्त आहे. पिण्याच्या पाण्यात ते लिटरला 1 मिलिग्रॅमपर्यंत असावं, दुसरा स्रोतच नसेल तर 1.5 पर्यंत. समुद्राच्या पाण्यात ते निसर्गतःच 1.3 च्या जवळपास असतं, म्हणून माशांच्या किटमध्ये फ्लोराइडची बाटली नसतेच. टीडीएस मीटरवर आकडा चांगला आला तरी त्या बाटलीत फ्लोराइड असू शकतं. जल जीवन मिशनमध्ये गावोगावी पाच-पाच महिलांना पाणी तपासायचं किट वापरायला शिकवायचं ठरलंय. तुमच्या गावात ते कुणाकडे आहे हे ग्रामपंचायतीत विचारा, आणि आकडा संशयास्पद आला तर नमुना सरकारी प्रयोगशाळेत द्या. माझ्याकडे आलेली बाटली मी एवढं सांगून परत करतो.