गर्भारपणातील सिकलसेल रक्तपरीक्षा

सिकलसेल (दात्रकोशिका) या आनुवंशिक रक्तविकाराचा दोष मातेच्या रक्तात आहे किंवा नाही, हे गर्भारपणाच्या आरंभी ठरविण्यासाठी केलेली परीक्षा. या विकारात रक्तातील ऑक्सिजन कमी झाला म्हणजे तांबड्या कोशिका विळ्याच्या आकाराच्या व ताठर होतात, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकतात आणि लवकर नाश पावतात. लायनस पॉलिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९४९ मध्ये याचे मूळ हीमोग्लोबिनात असल्याचे दाखविले. हीमोग्लोबिनाच्या बीटा शृंखलेतील सहाव्या स्थानी ग्लुटामिक अम्लाऐवजी व्हॅलीन येते व ‘हीमोग्लोबिन एस’ तयार होते.

भारतात हा दोष प्रथम १९५२ मध्ये निलगिरीतील आदिवासींत आढळला. नागपूर येथील आर. एन. शुक्ला व बी. आर. सोलंकी यांनी मध्य भारतातील सिकलसेलविषयीचे आपले निष्कर्ष १९५८ मध्ये प्रसिद्ध केले. गोंड, परधान, माडिया इ. आदिवासींप्रमाणेच विदर्भातील अनेक बिगर आदिवासी समाजांतही हा दोष आढळतो; त्यामुळे नागपूर परिसरात गर्भवतीच्या पहिल्याच तपासणीत ही परीक्षा महत्त्वाची ठरते.

आईवडिलांपैकी एकाकडूनच सदोष जनुक मिळाल्यास व्यक्ती केवळ वाहक (एएस) असते व सामान्यतः निरोगी राहते. दोघांकडून मिळाल्यास ती रुग्ण (एसएस) होते. पती व पत्नी दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गर्भारपणात अपत्य रुग्ण होण्याची शक्यता २५%, वाहक होण्याची ५०% व निर्दोष असण्याची २५% असते.

विद्राव्यता चाचणी : ही स्वस्त व काही मिनिटांत होणारी प्राथमिक चाचणी आहे. क्षपणकारक द्रव्य मिसळलेल्या संहत फॉस्फेट विद्रावात रक्ताचे काही थेंब टाकले असता हीमोग्लोबिन एस न विरघळल्याने विद्राव गढूळ होतो व नळीमागील रेषा दिसेनाशा होतात. मात्र या चाचणीने वाहक व रुग्ण यांत भेद करता येत नाही. तीव्र पांडुरोग असल्यास गढूळपणा पुरेसा न येता दोष नजरेतून निसटू शकतो. गर्भवतींमध्ये पांडुरोग पुष्कळ आढळत असल्याने ही उणीव विशेष ध्यानात घ्यावी लागते. उलट रक्तात मेद किंवा प्रथिने अधिक असल्यास निर्दोष रक्तही सदोष भासते. म्हणून या चाचणीच्या आधारे अंतिम निदान करीत नाहीत.

निश्चितीच्या परीक्षा : विद्युत् संचारणाने हीमोग्लोबिनाचे प्रकार वेगळे करता येतात. क्षारीय माध्यमात हीमोग्लोबिन डी हे एस बरोबरच सरकत असल्याने शंका असल्यास अम्लीय माध्यमात परीक्षा करतात. उच्च कार्यक्षमतेच्या द्रव वर्णलेखनाने (एचपीएलसी) प्रत्येक प्रकाराचे प्रमाणही कळते. वाहकात ए चे प्रमाण एस पेक्षा अधिक असते. एस अधिक व ए थोडे आढळल्यास बीटा थॅलॅसेमियाचा संयोग असण्याचा संभव असतो. नुकतेच रक्त दिले गेले असल्यास दात्याच्या हीमोग्लोबिनामुळे रुग्ण स्त्री वाहक भासू शकते. तांबड्या कोशिकेचे आयुष्य सु. १२० दिवस असल्याने अशा वेळी सु. तीन महिन्यांनी फेरपरीक्षा करतात किंवा जनुकपरीक्षेचा आधार घेतात.

पतीची परीक्षा व गर्भनिदान : मातेच्या या परीक्षांवरून गर्भाची स्थिती कळत नाही. माता वाहक आढळल्यास पतीची परीक्षा आवश्यक ठरते व तीत थॅलॅसेमियाचाही शोध घेतात. कारण पती थॅलॅसेमियाचा वाहक असल्यासही अपत्यास गंभीर विकार संभवतो. पती पूर्णतः निर्दोष असल्यास अपत्य फार तर वाहक होते. दोघेही वाहक असल्यास सु. ११ ते १३ आठवड्यांत वारेच्या ऊतकाचा किंवा १५ आठवड्यांनंतर गर्भजलाचा नमुना घेऊन गर्भाचे जनुक तपासतात. नमुन्यात मातेच्या कोशिका मिसळल्यास निष्कर्ष चुकू शकतो. म्हणून ती खात्री स्वतंत्रपणे करतात.

वेळेचे महत्त्व : परीक्षा अचूक असूनही उशिरा झाल्यास तिचा उपयोग मर्यादित होतो. प्रसूतिपूर्व निदानाच्या १९९४ च्या कायद्यानुसार नोंदणीकृत केंद्रात हीमोग्लोबिनाच्या आनुवंशिक विकारांचे निदान करता येते. गर्भाचे लिंग सांगण्यास मात्र बंदी आहे. गर्भपाताविषयीच्या १९७१ च्या कायद्यात २०२१ मध्ये दुरुस्ती होऊन गर्भातील गंभीर विकृतीसाठी वैद्यकीय मंडळाच्या निर्णयाने २४ आठवड्यांनंतरही अनुमती मिळू शकते. गर्भ ठेवावा की नाही, हा निर्णय स्त्रीचा असतो. योग्य उपचारांनी अनेक रुग्ण प्रौढ व कर्तबगार जीवन जगतात, ही माहितीही समुपदेशनात द्यावी लागते.

राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानाचा प्रारंभ १ जुलै २०२३ रोजी झाला असून २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट त्यात ठेवले आहे. परीक्षा विवाहापूर्वीच झाल्यास निर्णयास पुरेसा अवधी मिळतो. वाहक असणे हा रोग नव्हे, तसेच अपत्याच्या विकारास एकटी माताच कारणीभूत नसते, हे कुटुंबास समजणे परीक्षेच्या अचूकतेइतकेच महत्त्वाचे आहे.