मोजमापातून भूमिती व प्रमाण : उच्च प्राथमिक वर्गांसाठी चार उपक्रम

इयत्ता सहावी ते आठवीच्या वर्गांत पुष्कळदा एक अनुभव येतो. चौरसाच्या क्षेत्रफळाचे सूत्र विचारले असता विद्यार्थी ते बिनचूक सांगतात. परंतु ‘चौरसाची बाजू निम्मी केली तर क्षेत्रफळ किती होईल?’ असा प्रश्न येताच बहुतेक हात ‘निम्मे’ या उत्तरासाठी वर होतात. सूत्र पाठ झालेले असते, पण त्यामागील आकार मुलांनी पाहिलेला नसतो.

ही चूक केवळ उत्तरपत्रिकेपुरती राहत नाही. शेताच्या वाटणीत एका भावाने ४० मीटर बाजूचा एक चौरस तुकडा घेतला व दुसऱ्यास २० मीटर बाजूचे दोन तुकडे दिले, तर ऐकणाऱ्यास ही वाटणी सारखी वाटते. प्रत्यक्षात पहिल्याच्या वाट्यास १६ आर व दुसऱ्याच्या वाट्यास ८ आर जमीन येते. ज्या मुलाचे वा मुलीचे शिक्षण आठवीनंतर थांबेल, त्यास सातबारावरील हेक्टर-आर यांचा अर्थ शाळेतच कळला पाहिजे. तो कळावा म्हणून हाताने करण्याजोगे चार उपक्रम येथे दिले आहेत. सुतळी, खुंट्या, मोजपट्टी, फक्की व जाड कागद एवढ्या साहित्यावर ते पार पडतात.

१. दोरीचा काटकोन

सुमारे साडेसहा मीटर सुतळी घ्यावी. तिच्यावर ५०-५० सेंटीमीटर अंतरावर १३ खुणा कराव्यात, म्हणजे १२ समान भाग होतील. पहिली व शेवटची खूण एका खुंटीशी जुळवून ३, ४ व ५ भागांचा त्रिकोण ताणावा. ३ व ४ भागांच्या बाजू जेथे मिळतात तेथे काटकोन होतो. गवंडी घराच्या पायाची आखणी करताना हीच युक्ती वापरतात. गावातील एखाद्या गवंड्यास शाळेत बोलावून त्याचा गुण्या व ओळंबा मुलांना हाताळू द्यावा. या ज्ञानाची परंपरा फार जुनी आहे. ‘शुल्ब’ म्हणजे दोरी, आणि बौधायनाच्या शुल्बसूत्रांत यज्ञवेदीच्या आखणीसाठी दोरीचीच भूमिती सांगितली आहे.

येथे एक दक्षता घ्यावी. सुतळी ताणली की लांबते, म्हणून खुणा दोरी ताणूनच कराव्यात.

२. मैदानावर एक आर

वरील काटकोनाच्या साह्याने मैदानावर १० मीटर बाजूचा चौरस आखून त्यावर फक्की टाकावी. हा झाला १ आर, म्हणजे १०० चौरस मीटर. असे १०० चौरस मिळून १ हेक्टर होतो. वडीलधाऱ्यांच्या बोलण्यात येणारा गुंठा म्हणजे ३३ फूट बाजूचा चौरस. तो जवळजवळ १ आर एवढाच भरतो, हे मुलांनी घरी जाऊन सांगावे. आता त्याच चौरसाच्या एका कोपऱ्यात ५ मीटर बाजूचा चौरस आखावा व असे किती चौरस मावतात ते पाहावे. चार मावतात हे मुले स्वतःच ओरडून सांगतील. बाजू निम्मी झाली की क्षेत्रफळ चौथा हिस्सा होते, हा नियम फळ्यावर लिहिण्याची मग घाई उरत नाही.

यानंतर ४० मीटर लांबीची एकच दोरी गटांना द्यावी आणि तिने जास्तीत जास्त जागा वेढण्यास सांगावे. १५ मीटर लांब व ५ मीटर रुंद आयत केला तर ७५ चौरस मीटर जागा मिळते. १९ मीटर लांब व १ मीटर रुंद पट्टा केला तर अवघी १९ चौरस मीटर. १० मीटर बाजूच्या चौरसात मात्र १०० चौरस मीटर जागा येते. कुंपणाची तार तेवढीच असली तरी आतील जमीन तेवढीच असेल असे नाही, हे मुलांस येथे उमगते. वाटण्या होत होत धुऱ्यांमध्ये उरलेल्या अरुंद पट्ट्यांविषयी मुले आपणहून बोलू लागतील. ती चर्चा तोडू नये.

३. सावलीवरून उंची

१ मीटर लांबीची काठी ओळंब्याने सरळ उभी करावी. तिची सावली व शाळेतील निंबाच्या झाडाची सावली एकाच वेळी मोजावी. काठीची सावली ९६ सेंटीमीटर व झाडाची ७ मीटर ६८ सेंटीमीटर भरली, तर झाडाची उंची ८ मीटर येते. काठी व तिची सावली, झाड व त्याची सावली हे दोन समरूप त्रिकोण आहेत, ही गोष्ट मुलांनी आकृती काढून पटवून घ्यावी. दोन्ही मापांच्या मध्ये वेळ जाऊ देऊ नये, कारण सावली सरकत असते.

या उपक्रमासाठी हिवाळा उत्तम. मे ते जुलैच्या दरम्यान दुपारची सावली फार आखूड पडते व मापात चूक होते. २२ डिसेंबर हा श्रीनिवास रामानुजन यांचा जन्मदिवस राष्ट्रीय गणित दिन म्हणून पाळला जातो. बुलडाण्याच्या अक्षांशावर त्या सुमारास मध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून सुमारे ४६ अंश उंच असतो. त्यामुळे १ मीटर काठीची सावली जवळपास ९६ सेंटीमीटर पडते, म्हणजे सावली व उंची जवळजवळ सारखीच. मात्र सूर्याची मध्यान्ह आपल्या जिल्ह्यात घड्याळाच्या बारा वाजता होत नाही. त्या दिवसांत ती सुमारे बारा वाजून पंचवीस मिनिटांनी होते. काठीची सर्वांत आखूड सावली शोधून मुलांनी ही वेळ स्वतः ठरवावी.

४. लोणारचा नकाशा व प्रतिकृती

प्रमाणाचा पाठ शिकविण्यास बुलडाणा जिल्ह्याइतके सुंदर साधन क्वचितच लाभेल. उल्कापाताने काळ्या बसाल्ट खडकात निर्माण झालेले लोणारचे विवर सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे आहे. आतील सरोवराचा व्यास सुमारे १.२ किलोमीटर असून पाण्याची पातळी विवराच्या काठापासून सुमारे १३७ मीटर खाली आहे. २०२० साली या सरोवरास रामसर क्षेत्राचा दर्जा मिळाला.

प्रथम मुलांकडून मनाने विवराचा उभा छेद काढून घ्यावा. बहुतेक मुले खोल विहिरीसारखी आकृती काढतील. ती कागदे जपून ठेवावीत. नंतर १ सेंटीमीटर म्हणजे १०० मीटर हे प्रमाण ठरवून छेद काढण्यास सांगावे. विवराची रुंदी १८ सेंटीमीटर, सरोवराची १२ सेंटीमीटर आणि खोली फक्त १.४ सेंटीमीटर येईल. ज्यास आपण खोल विवर म्हणतो ते कागदावर घरातील परातीसारखे उथळ दिसते, कारण रुंदी खोलीच्या तेरा पट आहे. काठापासून पाण्यापर्यंत आडवे अंतर ३ सेंटीमीटर व उतरण १.४ सेंटीमीटर असल्याने कोनमापकाने सरासरी उतार सुमारे २५ अंश मिळतो. याच प्रमाणात १४० सेंटीमीटर उंचीचे मूल अवघे ०.१४ मिलिमीटर होईल. काठावर उभे राहून विवर इतके प्रचंड का वाटते, याचे उत्तर त्यात आहे.

पुढे सेंटीमीटरच्या चौकटी आखलेल्या कागदावर दोऱ्याने दोन्ही वर्तुळे काढून चौकटी मोजाव्यात. या प्रमाणात प्रत्येक चौरस सेंटीमीटर म्हणजे नेमका १ हेक्टर. विवराचे सुमारे २५४ व सरोवराचे सुमारे ११३ हेक्टर भरतील. अर्ध्याहून मोठ्या चौकटी पूर्ण धराव्यात व लहान सोडाव्यात. व्यासांचे गुणोत्तर ३ : २ असता क्षेत्रफळांचे ९ : ४ कसे झाले, हा प्रश्न मुलांपुढे ठेवून शिक्षकाने काही वेळ मौन धरावे. मैदानावरील चार चौरस आठवून कोणीतरी उत्तर देईलच. शेवटी त्याच मापाची प्रतिकृती काळ्या मातीत करून वर्गात ठेवावी.

नोंदी व मूल्यमापन

प्रत्येक उपक्रमाच्या वहीत अंदाज, प्रत्यक्ष माप व फरक असे तीन रकाने असावेत. अंदाज मोजण्यापूर्वीच लिहून घ्यावा व नंतर तो खोडू देऊ नये. दोन गटांची मापे थोडी निराळी आली तर कोणासही दोष न देता कारण शोधावे. दोरी सैल होती, खुंटी कलली होती, की जमीन उताराची होती? गट चार-पाच मुलांचे असावेत. मुलांनी दोरी धरायची व मुलींनी केवळ लिहायचे, असे होऊ न देता कामे आळीपाळीने बदलावीत. एका उपक्रमास दोन तासिका पुरतात. सूत्र शेवटी यावे, आणि ते मुलांच्या तोंडून यावे.

वर्धा येथे १९३७ साली भरलेल्या शिक्षण परिषदेत महात्मा गांधींनी हस्तोद्योगातून शिक्षणाचा विचार देशापुढे मांडला. तो विचार आपल्याच विदर्भाच्या मातीत रुजला. अभ्यासक्रम बदलले, पुस्तके बदलली, तरी हाताने केलेले विसरत नाही हा अनुभव बदललेला नाही. पुढे केव्हातरी वाटणीचा कागद समोर येईल, तेव्हा सही करण्यापूर्वी जो विद्यार्थी ‘आधी मोजून पाहू’ म्हणेल, त्याच्या शिक्षकाचे श्रम सार्थकी लागले असे समजावे.