घोडागाडीच्या रस्त्यावर सायकल

अमेरिकेच्या ईशान्य टोकाला, मेन राज्याच्या किनाऱ्यालगत माउंट डेझर्ट नावाचे एक डोंगराळ बेट आहे. सन १६०४ मध्ये फ्रेंच दर्यावर्दी सॅम्युएल द शांप्लेन याने समुद्रातून हे डोंगर पाहिले. त्यांचे उघडे, खडकाळ माथे त्याच्या नजरेत भरले आणि त्यावरून त्याने बेटाला ‘ओसाड डोंगरांचे बेट’ अशा अर्थाचे नाव दिले. नाव तेच राहिले, मात्र प्रत्यक्षात हे बेट मुळीच ओसाड नाही. ग्रॅनाइटचे माथे सोडले तर स्प्रूस, फर, भूर्ज आणि मेपल या वृक्षांचे अरण्य समुद्राच्या काठापर्यंत उतरत गेले आहे. या बेटाचा बराचसा भाग अकेडिया राष्ट्रीय उद्यानात येतो. येथील सर्वांत उंच शिखर कॅडिलॅक अवघे १५३० फुटांचे आहे. सह्याद्रीच्या अंगाखांद्यावर वाढलेल्या माणसाला हा आकडा किरकोळ वाटेल. परंतु येथील डोंगर थेट समुद्रसपाटीपासून उभे राहतात, हे सायकलस्वाराच्या पायांना लवकरच कळते.

या उद्यानात सुमारे ४५ मैल, म्हणजे ७२ किलोमीटर लांबीचे असे रस्ते आहेत, की ज्यांवर मोटारगाडीला प्रवेश नाही. पायी चालणारे, घोडेस्वार, घोडागाडी आणि सायकल यांच्यासाठीच ते राखलेले आहेत. त्यांना ‘कॅरेज रोड’ म्हणतात. ज्या देशाने मोटारीला अंगणात आणि मोटारीने ज्या देशाला रस्त्यावर आणले, त्याच देशात असे रस्ते असावेत, हे नवल. आणि ते ज्याने बांधले त्याचे नाव ऐकल्यावर हे नवल अधिकच वाढते.

ते नाव जॉन डी. रॉकफेलर (कनिष्ठ). स्टँडर्ड ऑइल कंपनीच्या संस्थापकांचे ते एकुलते एक पुत्र. ज्या तेलावर मोटारी धावू लागल्या, त्याच तेलाच्या संपत्तीतून त्यांनी मोटारींना मज्जाव असलेले रस्ते निर्माण केले. सन १९१० मध्ये त्यांनी बेटावरील सील हार्बर या गावी उन्हाळी निवासासाठी घर घेतले. त्या काळी बेटावर मोटारींना बंदी होती. तथापि ही बंदी फार काळ टिकली नाही. १९१३ पासून ती सैल होत गेली आणि १९१५ मध्ये संपूर्ण बेट मोटारींना खुले झाले. रॉकफेलर यांना घोडागाडी हाकण्याची मनापासून आवड होती. मोटारींशी भांडत बसण्याऐवजी त्यांनी स्वतःच्या जमिनीवर, स्वतःच्या खर्चाने घोडागाडीचे वेगळे रस्ते बांधावयास घेतले. हे काम १९१३ ते १९४० अशी तब्बल सत्तावीस वर्षे चालले. एकूण ५७ मैल रस्ते झाले. त्यांतील बहुतेक पुढे उद्यानाला मिळाले, तर उरलेले आजही खाजगी जमिनीवर असून तेथे सायकलींना परवानगी नाही.

उद्यानाची जन्मकथाही दानाचीच आहे. बेटावर जमीनजुमल्याचे भाव चढू लागलेले पाहून जॉर्ज डॉर आणि हार्वर्ड विद्यापीठाचे माजी अध्यक्ष चार्ल्स एलियट यांनी जमिनी मिळवून लोकांसाठी राखून ठेवण्याचे व्रत घेतले. या दान मिळालेल्या जमिनींवर १९१६ मध्ये राष्ट्रीय स्मारक, १९१९ मध्ये लाफायेत राष्ट्रीय उद्यान आणि १९२९ मध्ये अकेडिया राष्ट्रीय उद्यान, असा नावांचा प्रवास झाला. मिसिसिपी नदीच्या पूर्वेस आज असलेल्या राष्ट्रीय उद्यानांपैकी हे सर्वांत जुने होय. डॉर यांनी आपली वडिलोपार्जित संपत्ती या कामी जवळजवळ संपविली. रॉकफेलर यांनी उद्यानाला दिलेली जमीन सुमारे ११,००० एकर भरते.

या रस्त्यांचे खरे वैशिष्ट्य त्यांच्या बांधणीत आहे, आणि सायकलस्वाराला आज जे सुख मिळते त्याचे मूळही तेथेच आहे. रस्ता १६ फूट रुंद. दगडखडीचे तीन थर, वरचा थर बारीक आणि घट्ट दाबलेला. मध्यभाग किंचित उंच, त्यामुळे पावसाचे पाणी दोन्ही अंगांना निघून जाते. कडेला चर आणि जागोजागी दगडी मोऱ्या. घोडा दमू नये म्हणून चढ सौम्य ठेवलेले. डोंगर फोडून सरळ जाण्याऐवजी रस्ता डोंगराच्या उताराला बिलगून, वळणे घेत वर चढतो. घोड्यासाठी केलेला हा हिशेब सायकलस्वाराच्याही पथ्यावर पडला आहे. चढ लांब आहेत, दम काढणारे आहेत, परंतु अंगावर येणारे नाहीत. मात्र पातळ टायरची शर्यतीची सायकल येथे उपयोगाची नाही. खडीवर पकड राहण्यासाठी रुंद टायरच हवेत.

रस्त्याच्या बाहेरच्या कडेला कठडा म्हणून ग्रॅनाइटचे मोठाले, ओबडधोबड दगड ओळीने मांडलेले आहेत. लोक त्यांना गमतीने ‘रॉकफेलरचे दात’ म्हणतात. रस्ता बांधताना उघड्या पडलेल्या जमिनीवर नेचे, ब्लूबेरी अशी स्थानिक झुडपे लावण्यात आली, जेणेकरून रस्त्याचा व्रण अरण्यात दिसू नये. या कामी प्रसिद्ध उद्यानरचनाकार बीट्रिक्स फॅरंड यांचा सल्ला घेतला गेला. या रस्त्यांवरील सतरा दगडी पुलांपैकी सोळा उद्यानाच्या हद्दीत आहेत. आतून पोलादी सळ्यांचे काँक्रीट आणि बाहेरून त्याच परिसरातील दगड, अशी त्यांची रचना आहे. एकही पूल दुसऱ्यासारखा नाही. ‘वॉटरफॉल’ पुलावर उभे राहिले की पावसाळी दिवसांत समोरच धबधबा कोसळताना दिसतो.

हे सर्व निर्विवाद पार पडले असे समजू नये. १९२० च्या दशकात पेन्सिल्व्हेनियाचे सिनेटर जॉर्ज व्हार्टन पेपर यांच्यासह काहींनी या रस्त्यांना कडाडून विरोध केला. मोटार असो वा घोडागाडी, रस्ता म्हटला की अरण्याची शांतता भंगणारच, असे त्यांचे म्हणणे होते. आज या रस्त्यांवरून सायकल चालविणाऱ्यास हा आक्षेप विचित्र वाटेल. परंतु तो अगदीच निराधार म्हणता येणार नाही. अरण्यात १६ फूट रुंदीचा रस्ता ही काही लहान गोष्ट नव्हे.

सायकलस्वार बहुधा ईगल लेक या सरोवरापासून प्रारंभ करतात. येथे एक सूचक दृश्य पाहावयास मिळते. मोटारींचा राज्य महामार्ग कमानीच्या दगडी पुलावरून जातो आणि कॅरेज रोड त्याच्या खालून. पुलाखालून पलीकडे गेले, की मोटारींचा आवाज मागे पडत जातो. सरोवराला वळसा घालणारा मार्ग सुमारे सहा मैलांचा आहे. सरोवराचे पाणी बार हार्बर गावाला पिण्यासाठी जाते, म्हणून त्यात पोहण्यास बंदी आहे. ज्यांच्या पायांत बळ आहे ते डोंगरांना प्रदक्षिणा घालणारा सुमारे बारा मैलांचा मार्ग धरतात. तो वर चढत जातो, तसतशी झाडी विरळ होते आणि दूरवर समुद्र व त्यातील लहान बेटे दृष्टीस पडतात. पुढे जॉर्डन पाँड हे निवळशंख पाण्याचे सरोवर लागते. त्याच्या काठच्या उपाहारगृहात चहाबरोबर ‘पॉपओव्हर’ नावाचा फुगलेला, आतून पोकळ पाव खाण्याची प्रथा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे.

तिठ्या-चौकांवर क्रमांक लिहिलेले लाकडी खांब असल्याने नकाशा जवळ असता वाट चुकण्याचे भय नाही. शिष्टाचार मात्र पाळावे लागतात. सायकलस्वाराने सर्वांना वाट द्यावयाची, पादचाऱ्यांनी घोड्यांना. मागून जाताना आवाज द्यावयाचा, उजवी बाजू सोडावयाची नाही. पायडल मारले तरच साहाय्य करणाऱ्या, पहिल्या वर्गातील विजेच्या सायकलींना परवानगी आहे. अन्य विद्युत सायकलींना नाही. माथेरान पाहिलेल्या वाचकांना घोड्यांची टाप आणि मोटारीविना रस्ता यांची कल्पना सहज येईल. फरक इतकाच, की येथे मोटारींचे जग हाकेच्या अंतरावर आहे. २०२१ मध्ये या उद्यानाला चाळीस लाखांहून अधिक भेटी नोंदल्या गेल्या आणि त्याच वर्षापासून कॅडिलॅक शिखरावर मोटार नेण्यासाठी हंगामात आगाऊ आरक्षण घेणे सक्तीचे झाले. १९९९ पासून बेटावर विनामूल्य बससेवाही चालते. तिचीच एक खास फेरी सायकली वाहून नेते.

१९६० मध्ये रॉकफेलर निवर्तले आणि या रस्त्यांचा कसोटीचा काळ सुरू झाला. त्यांच्या हयातीत देखभालीचा खर्च व माणसे त्यांच्याकडून मिळत असत. पुढे चर बुजले, मोऱ्या तुंबल्या, खडी वाहून गेली, कठड्याचे दगड ढासळले, झाडी रस्त्यावर चढून आली. दान मिळालेली वस्तू सांभाळण्यासाठी पैसा कोठून आणावयाचा, हा प्रश्न कोणत्याही न्यासाच्या विश्वस्तांना परिचित असेल. येथे त्याचे उत्तर बँकेच्या वाचकांना विशेष रुचेल असे निघाले. १९८६ मध्ये स्थापन झालेल्या ‘फ्रेंड्स ऑफ अकेडिया’ या नागरिकांच्या संस्थेने लोकवर्गणीतून सुमारे ४० लाख डॉलरचा स्थायी निधी उभारण्याचे ठरविले. मुद्दलाला हात न लावता केवळ त्याच्या उत्पन्नातून देखभाल करावयाची, आणि एकदाची मोठी दुरुस्ती संघराज्य सरकारने करून द्यावयाची, अशी ही विभागणी होती. त्यानुसार १९९२ ते १९९५ या काळात रस्त्यांचे व्यापक पुनरुज्जीवन झाले. नवे पाहुणे आज या रस्त्यांना ‘निसर्गतःच छान’ म्हणतात, तेव्हा त्यामागील हा हिशेब त्यांच्या लक्षातही येत नाही.

पैशाने सर्वच भागते असे नाही. हिवाळ्यात येथे बर्फ साचते आणि लोक सायकलीऐवजी स्कीवरून फिरतात. वसंतात बर्फ वितळून जमीन भुसभुशीत झाली, की रस्ते कोरडे होईपर्यंत सर्वांनाच बंद ठेवले जातात. कारण ओल्या खडीत रुतलेली चाके आणि पावले वर्षभराची बांधणी बिघडवितात. ऑक्टोबरात मेपल व भूर्ज पेटल्यासारखे रंगतात आणि मग पानगळ होते. ती पाने चरांत साचली तर पाणी रस्त्यावर येणार. म्हणून दरवर्षी नोव्हेंबरच्या आरंभी एके दिवशी स्वयंसेवक हाती दाताळी घेऊन जमतात आणि रॉकफेलर यांनी खोदविलेल्या चरांतील पाने ओढून बाहेर काढतात.