थोड्या भांडवलात टेबल सॉ घेताना

सुतारकाम हा आपल्या समाजातील जुना हुनर आहे. मुंब्रा, कुर्ला, भिवंडी, मालेगाव, कुठेही जा, ठेकेदाराच्या हाताखाली रोजंदारीवर फर्निचर करणारे आपले बंधू भेटतात. दहा-पंधरा वर्षे दुसऱ्याच्या साइटवर घाम गाळल्यानंतर त्यांच्यापैकी अनेकांना वाटू लागते की घराच्या खालच्या खोलीत किंवा मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आपला स्वतःचा छोटा कारखाना असावा. विचार स्तुत्य आहे. अशा कारखान्यातले पहिले मोठे यंत्र म्हणजे टेबल सॉ, अर्थात मेजाच्या फटीतून वर आलेली गोल करवत. हाती रक्कम बेताची असते, बाजारात माल नाना तऱ्हेचा असतो आणि दुकानदार मोटारीच्या वॅटचा आकडा सांगून मोकळा होतो.

आम्ही कापडाचे व्यापारी. लाकडाशी आमचा संबंध रॅक, काउंटर आणि कटिंगच्या टेबलापुरता. परंतु कमी पैशात यंत्र पारखून घेणे आमच्याही धंद्यात रोजचेच आहे. जुना लूम घेणारा जाणकार त्याचा रंग पाहत बसत नाही, शाफ्टमध्ये खेळ किती आहे ते हात लावून पाहतो. टेबल सॉचेही तसेच आहे. आमचे मत स्पष्ट आहे: पैसे कमी असतील तर मोटार लहान घ्या, मेज लहान घ्या, परंतु फेन्स, ब्लेड आणि ब्लेडमागची संरक्षक पट्टी या तीन बाबतींत काटकसर करू नका. ज्या हातांच्या जोरावर सारे घर चालते ते हात याच तीन गोष्टींवर अवलंबून आहेत.

काटकसरीचा सर्वात प्रचलित मार्ग आपण सर्वांनी पाहिलेला आहे. चार इंची मार्बल कटर प्लायच्या फळीखाली उलटा बसवायचा, फळीला फट पाडायची, कटरचे बटण दाबून अडकवून ठेवायचे, झाला टेबल सॉ! शेकडो साइटवर हेच चालते. हा कटर दगड आणि फरशी हातात धरून कापण्यासाठी बनलेला आहे. तो मिनिटाला बारा हजारांहून अधिक फेरे घेतो. त्याची कापण्याची खोली जेमतेम ३४ मिलिमीटरच्या आसपास. त्यातून १२ मिलिमीटरची फळी वजा करा, म्हणजे १८ मिलिमीटरचा प्लाय कसाबसा कापला जाईल. दीड इंची सागवान एका फेऱ्यात कापणे त्याच्या आवाक्यातले नाही. ब्लेडवर झाकण नाही, मागे पट्टी नाही, आणि अडकवलेले बटण सोडवायला हात फळीखाली घालावा लागतो. घाईच्या वेळी तो हात कुठे जाईल याचा विचार ज्याचा त्याने करावा.

ब्लेडमागच्या पट्टीचे महत्त्व आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून थोडे विस्ताराने लिहितो. टेबल सॉच्या ब्लेडचे पुढचे दात लाकूड मेजावर खाली दाबतात, तर मागचे दात वर येत असतात. लाकूड कापले जात असताना त्यातला ताण मोकळा होतो आणि कधी कधी चीर मागून मिटते. मिटलेली चीर मागच्या दातांना चिकटली, अथवा लाकूड तिरके होऊन फेन्स आणि ब्लेडच्या मध्ये आवळले गेले, की मागचे दात ते लाकूड उचलून थेट कारागिराच्या अंगावर फेकतात. दहा इंची ब्लेड मिनिटाला ३,६५० फेरे घेत असेल तर त्याच्या दाताचा वेग ताशी १७० किलोमीटरहून अधिक भरतो. त्या वेगाने आलेला तुकडा पोटात लागतो. आणि लाकूड धरलेला हात त्याबरोबर ब्लेडवर ओढला जातो, हे त्याहून वाईट. ब्लेडच्या मागे लागूनच उभी असलेली पोलादी पट्टी चीर मिटू देत नाही. तिला रायविंग नाइफ म्हणतात. ती ब्लेडबरोबर वर-खाली होणारी असावी. खोक्यात ही पट्टी नसेल, किंवा दुकानदार "ती काढूनच ठेवतात सगळे" असे म्हणत असेल, तर ते यंत्र कितीही स्वस्त मिळाले तरी महागच समजावे.

भिवंडी-मालेगावकडील बंधूंसाठी एक खास सूचना. बंद पडलेल्या लूमच्या मोटारी भंगारात मिळतात. त्यातली एक घेऊन लोखंडी चौकटीवर शाफ्ट, पट्टा आणि ब्लेड बसवून घेण्याची कल्पना कोणालाही सुचेल, आणि आपले फिटर ते करूनही देतील. परंतु या मोटारी बहुधा तीन फेजच्या असतात, घरात लाइन एका फेजची. त्यांचे फेरेही कमी, साधारण ९६० किंवा १,४४०. पुली लहान-मोठी करून ब्लेडचा वेग वाढवता येतो, ताकद वाढत नाही. १ हॉर्स पॉवर म्हणजे ७४६ वॅट. तेवढ्यावर दहा इंची ब्लेड जाड सागवानात अडखळणार. शिवाय घरी जुळवलेल्या चौकटीवर ब्लेड आणि फेन्स एका रेषेत ठेवणे हे मोठे कौशल्याचे काम आहे. ज्याच्याकडे तीन फेजचा जोड आहे आणि खरादीवरचा कसबी मित्र आहे त्याने हे जरूर करावे. इतरांनी या वाटेला जाऊ नये.

तयार यंत्रांत दोन जाती आहेत. एक हलकी, उचलून साइटवर नेता येणारी. तिच्या मोटारीत कार्बन ब्रश असतात, आवाज फार, पण १,५०० ते २,००० वॅटची ताकद घरच्या १६ अँपियरच्या सॉकेटवर मिळते. दुसरी बिडाच्या मेजाची, पट्ट्यावर चालणारी इंडक्शन मोटारीची. राजकोटकडून अशी यंत्रे येतात. ती शांत चालते, दिवसभर काम करते, मोटार जळली तर गल्लीतला वाइंडर भरून देतो. जागा कायमची असेल आणि भरीव लाकडाचे काम रोजचे असेल तर दुसरी. प्लाय, ड्रॉवर, शटर असे काम असेल आणि रात्री यंत्र भिंतीला लावून ठेवून त्याच खोलीत मुलांना झोपायचे असेल तर पहिली. आपल्या बहुसंख्य बंधूंची गरज पहिल्या जातीने भागते, असे आम्हाला वाटते.

नागदेवी स्ट्रीट असो की पुण्याची बोहरी आळी, दुकानात जाताना खिशात एक स्टीलची पट्टी आणि एक गुण्या न्यावा. यंत्राची वायर काढलेली असताना ब्लेडच्या एका दातावर पेनाने खूण करावी. तो दात पुढच्या बाजूला आणून फेन्सपासूनचे अंतर मोजावे, मग ब्लेड फिरवून तोच दात मागे न्यावा आणि पुन्हा मोजावे. दोन्ही मापे सारखी हवीत. मागचे माप कमी भरले तर लाकूड तिथे आवळले जाणार. फेन्स सोडून, सरकवून, पुन्हा घट्ट करून तीन-चार वेळा असेच मोजावे. एकदा जुळलेला फेन्स दर वेळी जुळतो का, खरी परीक्षा ती आहे. कारण घरी दिवसातून पन्नास वेळा तो सरकवायचा असतो. फेन्सच्या टोकाला बोटाने ढकलून पाहावे, हलता कामा नये. ब्लेड हाताने धरून बाजूला हलवावे. बेअरिंगमध्ये खेळ असेल तर लगेच कळतो. नंतर चालू करून बंद करावे आणि थांबेपर्यंत कान देऊन ऐकावे. जुने यंत्र घेताना तर ही सारी तपासणी अत्यावश्यक. दुकानदार कंटाळला तर कंटाळू द्यावा. थान उलगडून न दाखवणाऱ्याकडून आम्ही कापड घेत नाही.

यंत्राबरोबर येणारे ब्लेड बहुधा कामचलाऊ असते. भरीव लाकूड लांबीत चिरायला २४ दातांचे, प्लाय आणि सनमायकाला ६० दातांचे; एकच घ्यायचे असेल तर ४० दातांचे घ्यावे. टीसीटी, म्हणजे कार्बाइडचे दात असलेलेच हवे. मधल्या भोकाचे माप पाहायला विसरू नये, काही यंत्रांना २५.४ मिलिमीटरचे लागते, काहींना ३० चे. ब्लेडवर छापलेला कमाल वेग यंत्राच्या वेगापेक्षा जास्त असला पाहिजे.

आणि ब्लेड लाकूड खाते, याचा हिशेब दर सांगण्यापूर्वी करावा. आठ बाय चारच्या प्लायची रुंदी १,२२० मिलिमीटर. १०० मिलिमीटरच्या पट्ट्या काढायच्या तर कागदावर १२ निघतात. पण ३ मिलिमीटरचे ब्लेड प्रत्येक कापाला तेवढा भुसा करते. १२ पट्ट्या आणि मधले ११ काप मिळून १,२३३ होतात. म्हणजे पट्ट्या निघणार ११. बारा पट्ट्यांचा भाव देऊन बसलेला कारागीर दर शीटमागे एका पट्टीचे नुकसान सोसतो, आणि धंद्यात बरकत का नाही म्हणून विचार करीत राहतो.

पूर्ण शीट लहान टेबल सॉवर चढवण्याचा हट्ट धरू नये. वजनाने यंत्र कलंडते. प्लायच्या अनेक वखारींत पॅनल सॉवर कापून देतात. तिथेच मोठे तुकडे करून घ्यावेत. किंबहुना ज्याच्याकडे चांगल्या टेबल सॉच्या निम्मीच रक्कम आहे, त्याने सव्वासात इंची हातातली सर्क्युलर सॉ आणि एक सरळ ॲल्युमिनियमची पट्टी घ्यावी. शीट जमिनीवर लाकडाच्या तुकड्यांवर ठेवून तिने स्वच्छ काप निघतो. तिच्या कमाईतून पुढे टेबल सॉ घेता येईल.

मोठ्या ब्लेडचा मोह अनेकांना असतो. येथे कायद्याची एक गोष्ट ध्यानात ठेवावी. लाकूड उद्योगांबाबत केंद्र सरकारच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत, कापीव लाकूड आणि प्लायवर काम करणाऱ्यांना परवान्यातून सूट आहे, ती ३० सेंटिमीटरपर्यंतच्या गोल करवतीलाच. दहा इंच म्हणजे २५.४ सेंटिमीटर. बारा इंच म्हणजे ३०.४८, एवढ्याशा फरकाने माणूस मर्यादेबाहेर जातो. लाकूड वैध ठिकाणाहून आणल्याची पावती जपून ठेवावी आणि शंका असल्यास वन खात्याच्या कार्यालयात आधीच विचारावे.

आमच्या कटिंग मास्तरांना उभ्या पात्याच्या मशीनवर पोलादी जाळीचा हातमोजा घालण्याची सवय असते. ते पाहून कोणी टेबल सॉवर हातमोजा घालील, तर तो मोठा धोका आहे. गोल ब्लेड मोज्याचे टोक पकडते आणि अख्खा हात आत घेते. येथे हात उघडे, बाह्या कोपराच्या वर, गळ्यात रुमाल नाही. अरुंद पट्टी कापताना बोटांऐवजी लाकडाची ढकलकाठी वापरावी; ती टाकाऊ प्लायमधून फुकट बनते. ब्लेड लाकडाच्या वर एका दाताएवढेच ठेवावे. नाकावर मास्क हवाच. लाकडाचा भुसा कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९५ मध्ये जाहीर केले आहे, आणि घरच्या कारखान्यातला भुसा बायका-मुलांच्याही छातीत जातो. त्यासाठी खोलीचे दार बंद ठेवणे आणि भुसा ओढणारा व्हॅक्यूम जोडणे बरे. आवाजासाठी शेजाऱ्यांशी आधी बोलून वेळ ठरवावी. त्यांचा हक्क आहे.

पैशाचा हिशेब असा. दर वरचेवर बदलतात म्हणून आम्ही वाट्याने सांगतो. हाती असलेल्या रकमेचे दहा भाग करावेत. साडेसहा ते सात यंत्राला, दीड चांगल्या ब्लेडला, उरलेले वायरिंग, अर्थिंग, मास्क आणि कानाच्या झाकणांना. सारी रक्कम यंत्रात घालून जुन्या दोन पिनी बोर्डावर ते चालवणे धोक्याचे आहे. १,८०० वॅटचे यंत्र सुमारे ८ अँपियर ओढते, सुरू होताना क्षणभर त्याहून कितीतरी अधिक. विजेचा जोड घरगुती असेल तर वीज कंपनीच्या कार्यालयात विचारून घ्यावे की किती वापरापर्यंत घरातला धंदा चालतो. २००३ च्या वीज कायद्याच्या कलम १२६ खाली मंजूर कारणाखेरीज वेगळा वापर सापडल्यास दुप्पट दराने आकारणी होते.

हप्त्यावर घेताना "बिनव्याजी" या शब्दावर थांबू नये. रोखीचा भाव काय आणि हप्त्याचा एकूण भाव काय, हे दोन आकडे कागदावर मागावेत. प्रक्रिया शुल्क आणि बुडालेली सूट मिळून फरक दिसून येतो. तो कशाचा आहे हे आपल्या आलिमांना विचारता येईल. भाऊबंदांकडून कर्ज-ए-हसना मिळाले तर परतफेडीची तारीख लिहून द्यावी. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेतील १८ व्यवसायांत सुतार आहेत. कुटुंबातील एकाला हत्यारांसाठी १५,००० रुपयांपर्यंत मदत मिळते. ही रक्कम कर्ज नाही. त्याच योजनेतले कर्ज मात्र ५ टक्के व्याजाचे आहे, आणि ते घेतलेच पाहिजे असे बंधन नाही. नोंदणी सीएससी केंद्रावर होते. आपल्या भागात ती चालू आहे का, ते तिथेच विचारावे. जाताना आधार कार्ड, रेशन कार्ड, बँकेचे पासबुक आणि मोबाइल सोबत न्यावा.