टाळू सांधला, तरी कानांची तपासणी हवीच

दुभंगलेल्या टाळूसह बाळ जन्माला आले की कुटुंबाला पहिली चिंता असते ती दुधाची आणि त्यानंतर शस्त्रक्रियेची. कानांचा विचार सहसा कोणाच्या मनात येत नाही. वास्तविक अशा बहुतेक सर्व बालकांच्या मध्यकर्णात, म्हणजे कानाच्या पडद्यामागील पोकळीत, पहिल्या वर्षातच द्रव साठलेला आढळतो. या द्रवामुळे बहुधा कान दुखत नाही, ताप येत नाही आणि कान वाहतही नाही. त्यामुळे तपासणी केल्याखेरीज तो लक्षात येत नाही.

याचे कारण टाळूच्या रचनेतच आहे. मध्यकर्णाला नाकामागील पोकळीशी जोडणारी कंठकर्णनलिका एरवी मिटलेली असते. गिळताना किंवा जांभई देताना मऊ टाळूचा एक स्नायू ती क्षणभर उघडतो आणि पडद्यामागे हवा पोहोचते. टाळू दुभंगलेला असल्यास या स्नायूची जोडणी सदोष राहते व नलिका नीट उघडत नाही. आतील हवा शोषली जाऊन दाब घटतो आणि द्रव झिरपू लागतो. पुढे तो डिंकासारखा घट्ट होतो. इंग्रजीत या विकाराला ‘ग्लू इअर’ म्हणतात, ते नाव चपखल आहे.

यामुळे मूल पूर्णपणे बहिरे होत नाही आणि फसगत होते ती इथेच. दार आपटले की ते दचकते. हाक मारल्यावर मात्र कधी वळून पाहते, कधी नाही. हळू आवाजातील बोलणे आणि शब्दांतील सौम्य व्यंजने त्याच्या कानांवर पुरेशी पडत नाहीत. टाळूमुळे उच्चार आधीच सदोष, त्यात ऐकणेही अपुरे. बोलणे शिकण्याच्या ऐन वयात हा दुहेरी अडथळा उभा राहतो आणि ‘काही मुले उशिराच बोलतात’ या समजुतीत वर्ष-दोन वर्षे निघून जातात.

टाळूची शस्त्रक्रिया साधारणतः वयाच्या ९ ते १८ महिन्यांदरम्यान केली जाते. तिच्यानंतर नलिकेचे कार्य सुधारू शकते. परंतु द्रव लगेच नाहीसा होईलच असे नाही. काही मुलांत ही तक्रार शाळेच्या वयापर्यंत टिकते.

प्रतिजैविके किंवा सर्दीची औषधे यावर उपयोगी पडत नाहीत. प्रचलित उपाय म्हणजे ग्रोमेट. पडद्याला सूक्ष्म छेद देऊन द्रव शोषून घेतात आणि तेथे बारीक नळी बसवतात. टाळू शिवताना त्याच भुलीत हे काम उरकता येते. मात्र ही नळी बहुधा ६ ते १२ महिन्यांत गळून पडते आणि द्रव पुन्हा साठू शकतो. वारंवार ग्रोमेट बसवल्यास पडद्यावर व्रण उरण्याची, छिद्र कायम राहण्याची शक्यता वाढते. म्हणूनच सर्व बालकांना सरसकट ग्रोमेट बसवावे की ज्यांचे ऐकणे खरोखर कमी आहे त्यांनाच, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. ब्रिटनमधील ‘नाइस’ या संस्थेने २००८मध्ये दिलेल्या मार्गदर्शनात, टाळू शिवताना ग्रोमेट बसवण्यापूर्वी कानांची व श्रवणशक्तीची काळजीपूर्वक तपासणी करावी, असे म्हटले होते. ग्रोमेटला पर्याय म्हणून श्रवणयंत्राचाही त्यात समावेश होता. श्रवणयंत्राच्या नावाने अनेक पालक धास्तावतात. येथे ते नलिका कार्यक्षम होईपर्यंतची सोय असू शकते, हे डॉक्टरांनी त्यांना समजावून सांगणे आवश्यक आहे.

भारतात फेब्रुवारी २०१३मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात दुभंगलेले ओठ व टाळू, तसेच मध्यकर्णाचा दाह यांचा समावेश आहे. अंगणवाड्या आणि शाळांतील तपासणी त्यात विनामूल्य होते. टाळूसाठी रुग्णालयात जाताना पालकांनी ऐकण्याच्या चाचणीचीही मागणी करावी. कानातून दुर्गंधीयुक्त स्राव येत असेल, तर मात्र पुढील तारखेची वाट न पाहता कान-नाक-घसा तज्ज्ञांना दाखवावे.

आपल्याकडे तान्ह्या बाळाच्या कानात कोमट तेल सोडण्याची पद्धत आहे. पडदा शाबूत असल्यास ते तेल आतल्या द्रवापर्यंत पोहोचतच नाही. ग्रोमेट बसवलेले असल्यास ते थेट मध्यकर्णात उतरू शकते, त्यामुळे अशा बाळाच्या कानात तेल मुळीच घालू नये.