तिसऱ्या श्रेणीची बी.कॉम. आणि नर्सिंगचा फॉर्म

नर्सिंगच्या पहिल्या वर्षाचा प्रवेश बारावीवर होतो, पदवीवर नाही. हे ठाऊक नसल्यामुळे एटीकेटीच्या फेऱ्यांतून कशीबशी सुटलेली बी.कॉम., बी.ए.ची मुलं फॉर्म भरायच्या भानगडीतच पडत नाहीत. म्हाडाने जागतिक बँकेच्या मदतीने वसवलेल्या मुंबईतल्या चारकोपच्या सेक्टरांतही हा समज पक्का आहे. प्रवेशाच्या मोसमात नाक्यावरच्या झेरॉक्सच्या दुकानात प्लास्टिकच्या फायलीतून आधी बाहेर येते ती सहाव्या सेमिस्टरची गुणपत्रिका. ती तळाशी राहिली तरी चालते. वर हवी बारावीची, आणि तिच्यातही आधी पाहायचा तो इंग्रजीचा रकाना.

जीएनएम हा तीन वर्षांचा पदविका अभ्यासक्रम कोणत्याही शाखेच्या बारावीवर करता येतो; कॉमर्सवाल्यांना तो बंद आहे ही समजूत चुकीची. भारतीय परिचर्या परिषदेची अट दुहेरी आहे: एकूण किमान 40 टक्के आणि इंग्रजीत वेगळे 40 टक्के. बोर्डाकडे मात्र विषय 35 गुणांवर सुटतो. म्हणजे इंग्रजीत 37 मिळवून बारावी झालेली मुलगी पुढे पदवीधर होते, नोकरीला लागते आणि काही वर्षांनी जीएनएमच्या फॉर्मपाशी तीन गुणांनी अडते. पदवीला काय दिवे लावले हे तिला तिथे कोणी विचारत नाही. अडवतो तो पाच-सहा वर्षांपूर्वीचा पेपर.

या तीन गुणांवरही वाट आहे, लांबची. एएनएम या दोन वर्षांच्या अभ्यासक्रमाला बारावी उत्तीर्ण असणं पुरतं. एएनएम पूर्ण करून नोंदणी झाली की जीएनएमसाठी 40 टक्क्यांची अट राहत नाही. जीएनएमची नोंदणी झाल्यावर दोन वर्षांचं पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. दोन, तीन आणि दोन मिळून सात वर्षं; पण शेवटी हातात पदवीच येते. फक्त वयाकडे लक्ष हवं. एएनएमच्या प्रवेशाला वय 17 ते 35 असावं लागतं, त्यामुळे उशिरा जाग आलेल्यांना हा लांबचा फेरा परवडेलच असं नाही.

चार वर्षांच्या बी.एस्सी. नर्सिंगला बारावीत नव्वदच्या घरात गुण लागतात, हाही असाच एक बागुलबुवा. पात्रतेला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्र मिळून 45 टक्के, म्हणजे 300 पैकी 135 गुण पुरतात; अनुसूचित जाती-जमातींना 40 टक्के, म्हणजे 120. गुणवत्ता यादी ठरते ती प्रवेश परीक्षेवर. पूर्वी त्यासाठी नीटचे गुण धरत. आता राज्य सीईटी कक्ष नर्सिंगची वेगळी सीईटी घेतो. या परीक्षेत भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र, जीवशास्त्र, इंग्रजी आणि नर्सिंगचा कल अशा पाच भागांना 20-20 गुण असतात. बारावीत 46 टक्के असलेली मुलगी सीईटी चांगली गेली तर 80 टक्केवालीच्या पुढे निघून जाते. खरी अडचण गुणांची नसून विषयांची असते. बारावीला जीवशास्त्रच घेतलेलं नसेल, तर बी.कॉम.ची पहिली श्रेणीही कामाला येत नाही. अशांना राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेतून, म्हणजे एनआयओएसमधून, विज्ञानाचे विषय आणि इंग्रजी घेऊन बारावी करता येते आणि परिषद ती ग्राह्य धरते. बोर्डाची श्रेणीसुधार योजना बारावीनंतर लगतच्या ठरावीक परीक्षांपुरतीच असते. पदवी होईपर्यंत ती संधी सहसा निघून गेलेली असते.

पदवी आहे म्हणून एखादं वर्ष माफ होतं, ही उलटी समजूतही आढळते. तिचं मूळ बहुधा परदेशातल्या नातेवाइकांच्या सांगण्यात असावं. अमेरिकेत दुसऱ्या विषयातल्या पदवीधरांसाठी नर्सिंगचे साधारण वर्ष-दीड वर्षाचे अभ्यासक्रम आहेत आणि तिथे कॉलेजचे गुण खरोखरच तपासले जातात. इथे तसं काही नाही. कमी गुणांची पदवी आड येत नाही, तशी चांगल्या गुणांची उपयोगीही पडत नाही. दोन्ही प्रकारच्या पदवीधरांना पहिल्या वर्षापासूनच सुरुवात करावी लागते.

नापास होऊन पुन्हा बसलेल्यांना प्रवेश नाही, हे सरसकट खरं नाही. एका ठिकाणी मात्र ते लागू पडतं. लष्करी परिचर्या सेवेच्या बी.एस्सी.साठी, ज्याचं एक महाविद्यालय कुलाब्याच्या आय.एन.एच.एस. अश्विनी या नौदलाच्या रुग्णालयात आहे, बारावी नियमित विद्यार्थिनी म्हणून, पहिल्याच प्रयत्नात आणि किमान 50 टक्क्यांनी उत्तीर्ण व्हावी लागते.

गुण कमी म्हणून सहा महिन्यांचा किंवा वर्षाचा ‘नर्सिंग कोर्स’ करावा, हा सल्ला सर्वांत महाग पडतो. अशा कोर्सनंतर रुग्णसेवेत मदतनिसाचं काम मिळू शकतं. महाराष्ट्र परिचर्या परिषदेत परिचारिका म्हणून नोंदणी होत नाही, आणि नोंदणीशिवाय सरकारी अधिपरिचारिकेच्या पदासाठी अर्जही करता येत नाही. फी भरण्यापूर्वी संस्था परिषदेच्या यादीत आहे का, एवढं पाहावं. महापालिकेच्या जुन्या परिचर्या शाळा परळचं केईएम, शीवचं रुग्णालय आणि मुंबई सेंट्रलचं नायर इथे आहेत, म्हणजे चारकोपहून रोजचा प्रवास किंवा वसतिगृह आलंच.

आत गेल्यावर 35 चा हिशोब संपतो. बी.एस्सी. नर्सिंगला लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत स्वतंत्रपणे 50 टक्के लागतात. परीक्षेला बसायला 80 टक्के हजेरी लागते, आणि पदवी हातात पडण्यापूर्वी वॉर्डमधले प्रात्यक्षिकाचे तास शंभर टक्के भरून द्यावे लागतात. कॉलेजातल्या गुणांना खरं वजन येतं ते त्याच्याही पुढे: एम.एस्सी. नर्सिंगला बी.एस्सी. किंवा पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंगमध्ये एकूण किमान 55 टक्के (अनुसूचित जाती-जमातींना पाच टक्क्यांची सवलत) आणि वर्षभराचा कामाचा अनुभव हवा. त्या फॉर्मवरही बी.कॉम.च्या गुणांना रकाना नाही.