घरांतली बंदूक आणि दुसरी किल्ली



आमच्या वडिलांची कोंकणांतल्या वाडींत एक दुनळी, बाराबोअरची काडतुसी बंदूक होती. रानडुकरें व माकडें यांच्यापासून पीक राखावयाचें म्हणून शेतकऱ्याला असा परवाना मिळतो, आणि रत्नागिरी-सिंधुदुर्गाकडील पुष्कळ घरांतून अशा बंदुका आजहि आहेत. वडिलांच्या पश्चात् ती माझ्या नांवावर झाली. २०१६ च्या शस्त्रनियमांत वारसासाठीं तशी सोय आहे: परवानाधारक मृत्यु पावला असतां, किंवा तो ७० वर्षांचा झाला अथवा त्यानें तें हत्यार २५ वर्षें बाळगलें म्हणजे, वारसाला अर्ज करतां येतो. मींहि केला. यथावकाश कागद झाले, आणि वाडींतल्या खुंटीवरची बंदूक पुण्याच्या आमच्या तीन खोल्यांच्या बिऱ्हाडांत आली. त्या दिवसापासून माझ्या पत्नीला नीट झोप लागेनाशी झाली.

जन्मभर शाळेंत शिकविलेल्या माणसाला एक खोड असते. समोरच्याचें भय दिसलें कीं त्याला तें अज्ञान वाटतें, व तो खडू शोधूं लागतो. मीं तिला समजावून सांगितलें कीं, काडतूस घातल्यावांचून बंदूक म्हणजे लोखंडाची नळी. चाप ओढल्यावांचून ती उडत नाहीं. कपाटाला कुलूप आहे, आणि किल्ली कोठें आहे तें माझ्याखेरीज कोणास ठाऊक नाहीं. तिनें सर्व शांतपणें ऐकून घेतलें. मग म्हणाली, “अहो, किल्ली कुठें आहे तें मी सांगूं? देवघरांत, गणपतीच्या तसबिरीमागें. आणि मला हें तुमच्या नातवानें सांगितलें.”

नातू आठ वर्षांचा आहे. दर रविवारीं येतो. पुढें काय बोलावें तें मला सुचलें नाहीं.

आपलें घर आपल्यालाच ठाऊक आहे, हा समज बंदूक बाळगणाऱ्या पुरुषांत फार पसरलेला असतो. अमेरिकेंत अलाबामा संस्थानांत याची एक सरळ परीक्षा झाली. तिचा वृत्तान्त २००६ सालीं प्रसिद्ध झाला. घरांत बंदूक असलेल्या आईबापांस व त्यांच्या मुलांस निरनिराळें बसवून तेच प्रश्न विचारले. बंदूक कोठें असते हें आमच्या मुलाला माहीत नाहीं, असें ज्यांनीं सांगितलें त्यांच्यापैकीं शेंकडा ३९ जणांच्या मुलांनीं ती जागा आपल्याला ठाऊक असल्याचें सांगितलें. मुलानें बंदुकीला कधींहि हात लावलेला नाहीं, असें सांगणाऱ्यांपैकीं शेंकडा २२ जणांच्या मुलांनीं लावल्याचें कबूल केलें.

कोणी म्हणेल, मुलांना नीट शिकवावें म्हणजे झालें. शिक्षक म्हणून हा उपाय मला सर्वांत जवळचा वाटला असता. परंतु २००१ सालीं प्रसिद्ध झालेला दुसरा एक प्रयोग पाहा. अटलांटा शहरांत ८ ते १२ वर्षांच्या ६४ मुलग्यांना लहान गटांनीं एका खोलींत खेळावयास सोडलें, आणि तेथील एका खणांत खरें, पण निकामी केलेलें पिस्तूल ठेविलें. ४८ मुलांना तें सांपडलें. ३० जणांनीं तें हाताळलें. १६ जणांनीं त्याचा चाप ओढला. ज्यांनीं हाताळलें किंवा चाप ओढला त्यांच्यापैकीं शेंकडा नव्वदाहून अधिक मुलांना बंदुकीच्या धोक्याविषयीं कांहीं ना कांहीं शिकविलेलें होतें. शिकवावें, जरूर शिकवावें. पण कुलपाचें काम पाठावर सोंपवूं नये.

मुलांची गोष्ट झाली. आतां पत्नीच्या भयाची. हें भय घरांतल्या पुरुषाला पोरकट वाटतें, कारण बंदूक त्याच्या हातांत असते आणि आपल्या हाताचा त्याला विश्वास असतो. परंतु ज्याच्या नांवावर हत्यार नाहीं, त्याच छपराखालीं राहणाऱ्या माणसाचें काय होतें? कॅलिफोर्नियांत २००४ ते २०१६ या काळांतील नोंदी तपासून केलेलें संशोधन २०२२ सालीं प्रसिद्ध झालें. पिस्तूल बाळगणाऱ्याच्या घरांत राहणारीं प्रौढ माणसें, पिस्तूल नसलेल्या घरांतल्या माणसांच्या मानानें, खुनाला बळी पडण्याचा संभव दुपटीहून अधिक आढळला. आपल्याच पति-पत्नीच्या अथवा जोडीदाराच्या हातून घरांत गोळी लागून मृत्यु येण्याचा संभव तर सुमारें सातपट. आणि अशा रीतीनें मेलेल्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. तो देश निराळा, तेथील कायदे निराळे, आणि पिस्तूल म्हणजे शेतावरची दुनळी नव्हे, हें सर्व खरें. तरी घरांत हत्यार आणणाऱ्याच्या निर्णयाची किंमत न आणणाऱ्यानें द्यावी, हा हिशेब कोणत्याहि देशांत विचार करावयास लावील असा आहे. तो वाचल्यावर पत्नीला भित्री म्हणण्याचें धैर्य मला राहिलें नाहीं.

येथें एक गोष्ट स्पष्ट बोलली पाहिजे. भय बंदुकीचें नसून बंदूकवाल्याचेंच असेल, त्याचा राग, त्याचें मद्य, त्याची धमकी यांचें असेल, तर कुलूप, पेटी, तडजोड यांतलें कांहींहि उपयोगाचें नाहीं. तेथें हत्यार घराबाहेर गेलें पाहिजे. सार्वजनिक सुरक्षिततेसाठीं परवाना स्थगित वा रद्द करण्याचा अधिकार १९५९ च्या शस्त्रकायद्यानें परवाना देणाऱ्या अधिकाऱ्याला दिलेला आहे, आणि तक्रार पोलिसांकडे करतां येते. प्रसंग निकडीचा असेल तर ११२, आणि स्त्रियांच्या साहाय्यासाठीं १८१, हे दूरध्वनिक्रमांक घरांतल्या प्रत्येकीला पाठ असावे.

दुसरी गोष्ट खिन्नतेची. परीक्षेंत नापास झालेला मुलगा, धंदा बुडालेला भाऊ, निवृत्तीनंतर घरांत मुका बसलेला म्हातारा. प्रत्येकाच्या आयुष्यांत एखादी काळी रात्र येते, आणि बहुतेकांची ती सरतेहि. घातक साधन त्या रात्रीं हाताशीं नसणें, एवढ्यानेंच पुष्कळांचा प्राण वांचतो. इस्रायलच्या सैन्यानें २००६ सालीं नियम केला कीं, शिपायांनीं आठवड्याच्या सुटीस घरीं जातांना आपली बंदूक छावणींतच ठेवावी. त्यानंतर शिपायांच्या आत्महत्या सुमारें शेंकडा ४० नीं घटल्या. म्हणून घरांत कोणी उदास, अबोल झालें असेल, तर त्या दिवसांपुरती तरी बंदूक बाहेर ठेवावी, त्या माणसाशीं बोलावें, आणि १४४१६ या क्रमांकावर सरकारची ‘टेली-मानस’ ही २०२२ पासूनची विनामूल्य सेवा आहे, तिचें साहाय्य घ्यावें.

आतां घरांत ठेवावयाचीच झाली तर ती कशी ठेवावी? अमेरिकेंतच २००५ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत चार रीती तपासल्या होत्या: बंदूक रिकामी असणें, ती कुलपांत असणें, काडतुसें कुलपांत असणें, आणि दोन्ही वेगवेगळ्या ठिकाणीं असणें. यांतील प्रत्येक रीत जेथें पाळली जात होती तेथें मुलांचे अपघात व आत्मघात कमी आढळले. चारांपैकीं एक निवडावयाची नाहीं; चारहि पाळावयाच्या.

पहिली रीत सर्वांत सोपी, आणि तींतच सर्वांत जास्त चुका होतात. दुनळी मोडून उघडली कीं दोन्ही घरें दिसतात. तीं डोळ्यांनीं पाहावीं, बोटानें चांचपावीं, आणि उजेडाकडे धरून नळ्यांतून आरपार पाहावें. “काल रिकामी केली होती” हा पुरावा नव्हे. दर वेळीं पाहावयाचें. शिकारीचा जुना कोट, पिशवीचा कप्पा, गाडीचा खण यांतहि एखादें विसरलेलें काडतूस असतें. माझ्या वडिलांच्या कोटांतून दोन निघालीं.

ज्यांच्याकडे ठासणीची बंदूक आहे त्यांनीं विशेष जपावें. ती उघडत नाहीं, म्हणून भरलेली आहे कीं रिकामी हें बाहेरून कळत नाहीं. नळींत ठासलेली दारू महिनोन्महिने तशीच राहते. वरची स्फोटक टोपी काढली म्हणजे बंदूक रिकामी झाली असें पुष्कळांना वाटतें, तें खरें नव्हे. आंतला बार तसाच असतो. गज नळींत अलगद सोडावा, तोंडाशीं त्यावर खूण करावी, आणि बाहेर काढून नळीला बाहेरून लावून पाहावा. तो नळीच्या बुडापर्यंत न पोंचतां बराच अलीकडे थांबत असेल, तर आंत बार आहे असें समजावें. हें करतांना तोंड नळीसमोर आणूं नये. बार स्वतः उकरीत बसूं नये; परवानाधारक कारागिराकडून काढवावा. अशा जुन्या बंदुका दिवाणखान्यांत शोभेसाठीं टांगलेल्या मीं पाहिल्या आहेत, आणि त्यांखालीं मुलें खेळतांनाहि पाहिलीं आहेत.

दुनळीचे तीन भाग सहज सुटे होतात: नळ्या, पुढची लांकडी मूठ आणि दस्ता.  भिंतींत खिळवलेली लोखंडी पेटी उत्तम. चापाला लावावयाचें कुलूप मिळतें, पण तें केवळ जोड म्हणून. तें भरलेल्या बंदुकीला लावूं नये, कारण लावतांनाच चापाला धक्का लागूं शकतो. चामड्याच्या पिशवींत बंदूक ठेवूं नये. पावसाळ्यांत चामडें ओल धरतें आणि लोखंड गंजतें. काडतुसें दुसऱ्या पेटींत, दुसऱ्या खोलींत, चूल व समई यांपासून दूर असावींत. ओल लागलेलीं, जुनीं काडतुसें विस्तवांत टाकून पाहण्याचा प्रयोग करूं नये; परवानाधारक व्यापाऱ्याकडे द्यावींत. आणि अंकांचें कुलूप असेल तर नातवाचा जन्मदिनांक हा अंक नव्हे!

एवढें सर्व मीं केलें. नवी पेटी आणली, ती भिंतींत बसवून घेतली, किल्ली देवघरांतून काढून स्वतःच्या जानव्याला बांधली. पत्नीची झोप तरीहि आली नाहीं. तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं, या सर्व व्यवस्थेंत तिला करावयाचें असें एकच काम मीं ठेविलें होतें, तें म्हणजे माझ्यावर विश्वास ठेवणें. पेटी बंद आहे हें मला ठाऊक. बंदूक रिकामी आहे हें मला ठाऊक. तिला केवळ माझा शब्द. तसबिरीमागच्या किल्लीविषयींहि मीं तिला शब्दच दिला होता.

तोडगा तिनेंच काढला. बँकेंत आमचें एक लॉकर आहे. तें उघडतांना बँकेची एक किल्ली व आपली एक किल्ली लागते. एकीनें कांहीं होत नाहीं. तिनें विचारलें, “तुमच्या पेटीला तसें कां नको?” सरकारी खजिन्यालाहि अशींच दोन कुलपें असतात, हें मी मुलांना शिकवीत आलों होतों. पेटीला दुसरी कडी बसवून घेतली. एक कुलूप माझें, एक तिचें. परवाना माझ्या नांवावर आहे, म्हणून जबाबदारी सर्वस्वीं माझी. पण मी एकटा पेटी उघडूं शकत नाहीं, आणि तीहि एकटी उघडूं शकत नाहीं. महिन्यांतून एकदां तेल देण्यासाठीं आम्ही दोघें मिळून ती उघडतों. बंदूक मी मोडून दाखवितों आणि ती स्वतः नळ्यांतून पाहते. पहिल्या वेळीं तिचे हात कांपत होते. हल्लीं तीच मला सांगते कीं, डाव्या नळींत गंज धरूं लागला आहे.

ज्यांच्या पत्नीला एवढ्यानेंहि समाधान वाटणार नाहीं, त्यांनीं ‘घरांत नकोच’ हें उत्तर खरोखरचें उत्तर मानावें. अशी ठेव ठेवण्याचा परवाना असलेले शस्त्रव्यापारी शहरांतून असतात. बंदूक त्यांच्याकडे देतां येते आणि रीतसर पावती मिळते. निवडणुकीच्या दिवसांत पुष्कळ लोकांना आपलीं हत्यारें पोलिसांकडे जमा करावीं लागतात, तेव्हां कोणाचें कांहीं अडत नाहीं. कायमची विकून टाकण्याचा मार्गहि कायद्यांत आहे. वडिलांची आठवण म्हणून ती ठेवली पाहिजे, असें मलाहि वाटत असे. पण वडिलांची आठवण म्हणून त्यांचा चष्माहि माझ्यापाशीं आहे, आणि त्याला पेटी लागत नाहीं.

यंदा मे महिन्यांत नातवंडें पंधरा दिवस राहावयास आलीं, तेव्हां मीं बंदूक व्यापाऱ्याकडे ठेव म्हणून दिली. पावती पत्नीनें आपल्या पाकिटांत ठेविली. मुलें गेल्यावर मीं तिला विचारलें कीं, आतां परत आणावयाची का? ती म्हणाली, “पाऊस सरूं द्या.” पाऊस अजून चालू आहे.